सोंग आणि पडदा : नगर जिल्ह्यातील कार्यशिक्षणाच्या साधनांचा एक विचार

१

सेवकवर्गाला त्याच्या कामाचे शिक्षण देताना समोर जिवंत माणसे उभी करून प्रसंग घडवून दाखवावा, की तोच प्रसंग एकदा चित्रित करून त्याची फीत सर्वत्र पाठवावी, हा प्रश्न वरवर पाहता सोयीचा व खर्चाचा वाटतो. खर्चाचाच विचार केला तर त्याचे उत्तरही सोपे आहे. फीत एकदा तयार झाली की ती हजार ठिकाणी दाखविता येते. नटाला मात्र प्रत्येक ठिकाणी जावे लागते, आणि त्याचा प्रवास, भोजन व मेहनताना दरवेळी नव्याने द्यावा लागतो. हिशेबाच्या वहीत नट नेहमीच हरतो. असे असूनही ज्या संस्थांना सेवकाकडून खरोखरच चांगले काम करून घ्यावयाचे होते, त्या पुनःपुन्हा नटाकडे का वळल्या, हा इतिहासाच्या अभ्यासकाने विचारण्याजोगा प्रश्न आहे.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार अहमदनगर जिल्ह्यापुरता (२०२४ पासून अहिल्यानगर) केला आहे. हे क्षेत्र निवडण्याचे कारण असे की, कीर्तन, जलसा, नभोवाणी व आरोग्यसेवा या चारही मार्गांनी शिक्षण देण्याचे प्रयत्न गेल्या पावणेदोनशे वर्षांत या एका जिल्ह्यात झाले, आणि त्यांची परस्परांशी तुलना करता येते. आरंभी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. सर्वसाधारण जनतेला काही सांगणे हे लोकशिक्षण होय. ज्याला उद्या स्वतः ते काम करावयाचे आहे त्याला तयार करणे हे कार्यशिक्षण होय. पहिल्यात ऐकणाऱ्याने समजून घेतले म्हणजे पुरते. दुसऱ्यात त्याने करून दाखविले पाहिजे. ही दोन्ही अंगे इतिहासात एकमेकांत मिसळलेली दिसतात. तथापि विवेचनात त्यांची गल्लत होऊ देणे इष्ट नाही.

२

नगर जिल्ह्यात जिवंत निरूपणाची परंपरा फार जुनी आहे. नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी ही मुळात श्रोत्यांसमोर केलेली टीका आहे, आणि तिच्या रचनेतच श्रोते उपस्थित आहेत. वक्ता त्यांची विनवणी करतो, ते त्याला पुढे नेतात, विषयांतर झाले की त्याला मूळ कथेकडे वळवितात. ग्रंथ लिहून पुरा झाल्यावरही हा संवाद त्यातून काढून टाकला गेला नाही. शिकविणाऱ्याला शिकणाऱ्याने अडविणे हा येथे दोष मानलेला नाही, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवावयास हवी.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगर येथे आपले ठाणे घातले. मिशनजवळ शिक्षणाची जी साधने होती ती शाळा, छापील पुस्तक व व्यासपीठावरील प्रवचन ही होत. यांपैकी शाळेचा प्रभाव दूरवर पोहोचला. मिस सिंथिया फॅरार यांच्या नगर येथील मुलींच्या शाळा पाहूनच जोतीराव फुले यांना पुण्यात तशी शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे फॅरारबाईंच्या संस्थेत घेतले असे त्यांचे चरित्रकार सांगतात. प्रवचनाची स्थिती मात्र वेगळी होती. एकसुरी, तर्कबद्ध व परक्या वळणाचे ते भाषण खेड्यातील श्रोत्याच्या अंगवळणी पडलेले नव्हते. १८६० च्या दशकात नगर येथील कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्तचरित्र कीर्तनाच्या रूपाने मांडण्यास प्रारंभ केला आणि एका नव्या प्रथेचा पाया घातला. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी ही परंपरा समृद्ध केली.

या घटनेकडे धर्मप्रसाराच्या इतिहासातील एक प्रकरण म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. कार्यशिक्षणाच्या दृष्टीने तिचा अर्थ वेगळा लागतो. कीर्तनकार होण्यासाठी पाठ केलेला मजकूर पुरत नाही. आख्यानातील पात्र होऊन बोलावे लागते, पुन्हा कीर्तनकाराच्या भूमिकेत परत यावे लागते, आणि समोरच्या सभेचा कल पाहून आख्यान आटोपते घ्यावे किंवा वाढवावे लागते. पुस्तक वाचून तयार झालेला प्रचारक व कीर्तन करून तयार झालेला प्रचारक यांच्यातील अंतर हेच की दुसऱ्याला लोकांकडे पाहावेच लागे. तरीही कीर्तनात एक मर्यादा राहतेच. उभा राहणारा एक, बसणारे अनेक. बसणाऱ्याने उठून पात्र व्हावे अशी सोय त्यात नाही.

३

ही मर्यादा अंशतः ओलांडली ती सत्यशोधक जलशांनी. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये लिहिलेले 'तृतीय रत्न' हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीने स्वीकारले नाही. त्याच्या रचनेतील एक विशेष येथे नोंदविण्याजोगा आहे. भोळे कुणबी दांपत्य, त्यांना नाडणारा जोशी व त्यांना समजावणारा पाद्री यांच्या संवादांत विदूषक मधूनमधून शिरतो आणि घडलेल्या प्रसंगावर बोलतो. प्रेक्षकाच्या मनात जी शंका यावी ती तो आधीच उच्चारतो. शेवटी ते दांपत्य रात्रीच्या शाळेत जाण्याचा निश्चय करते. म्हणजे नाटकाचा शेवट रंगभूमीबाहेरच्या एका कृतीत होतो.

सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ रोजी झाली. त्यानंतरच्या पिढीत तमाशाचा साचा घेऊन जलसे उभे राहिले. नगर जिल्ह्यात या विचाराचे केंद्र नेवासे तालुक्यातील तरवडी हे खेडे होते. तेथून मुकुंदराव पाटील यांनी १९१० पासून अनेक दशके 'दीनमित्र' हे पत्र चालविले. खेड्यातून निघणाऱ्या पत्राचा वाचक मर्यादित असणे साहजिक होते. ज्याला अक्षर येत नव्हते त्याच्यापर्यंत तोच विचार जलसा पोहोचवी.

जलशाने तमाशाकडून जे घेतले त्यात बतावणी हा भाग सर्वांत मोलाचा होय. बतावणी लिहिलेली नसते. प्रसंगाचा सांगाडा ठरलेला असतो आणि शब्द त्या रात्री, त्या गावात, त्या प्रेक्षकांसमोर सुचतात. सोंगाड्याचे कौशल्य पाठांतरात नसून हजरजबाबीपणात असते. पुढे बसलेल्या एखाद्याने टोमणा मारला तर त्याला उत्तर द्यावयाचे, आणि ते उत्तर देता देता वगाचा धागाही सोडावयाचा नाही. यामुळे गावचा पाटील, गावचा सावकार, गावची अडलेली विहीर ही सर्व त्या खेळात येऊ शकत. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीतील जलशांनी, विशेषतः नाशिककडील भीमराव कर्डक यांच्या जलशाने, हेच साधन आणखी धारदार केले.

येथे एक आक्षेप घेतला जाईल व तो रास्त आहे. बतावणीत शब्द सैल असल्यामुळे मूळ विचारही सैल होऊ शकतो. हशा मिळाला की सोंगाड्या त्याच्याच मागे जातो. ज्याची थट्टा करावयाची त्याच्याऐवजी दुबळ्याची थट्टा होते. जिवंत नट हा प्रेक्षकांचे ऐकतो हे त्याचे बळ आहे आणि तोच त्याचा मोहही आहे. पडद्याला हा मोह होत नाही.

४

पडद्याचे सामर्थ्य महाराष्ट्राने फार लवकर ओळखले होते. 'राजा हरिश्चंद्र' पूर्ण होण्यापूर्वी, १९१२ मध्ये, दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ ठराविक अंतराने टिपून एक छोटा चित्रपट तयार केला होता. या उदाहरणात सर्व विवाद सामावलेला आहे असे म्हणावयास प्रत्यवाय नाही. बीजाला अंकुर फुटून वेल वर चढते ही क्रिया अनेक दिवसांची. ती काही क्षणांत डोळ्यांसमोर आणणे कोणत्याही नटाला शक्य नाही. जे मानवी डोळ्याला सहजी दिसत नाही, ते दाखविण्यात पडद्याला प्रतिस्पर्धी नाही. रोगजंतू, यंत्राच्या आतील गती, दूरच्या देशातील शेती हे विषय त्याचेच.

स्वातंत्र्यानंतर शासनाने दोन्ही साधने हाती घेतली. १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली आणि तिचे अनुबोधपट देशभर दाखविले जाऊ लागले. १९५४ मध्ये गीत व नाट्य विभाग सुरू झाला. चित्रपटाचे यंत्र हाती असताना त्याच शासनाला नटांचे पथकही लागावे, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

तथापि या काळातील सर्वांत उपयुक्त पुरावा चित्रपटाचा किंवा नाट्याचा नसून नभोवाणीचा आहे. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने शेतकरी श्रोतृमंडळांचा एक प्रयोग केला. तो मराठी भाषक मुलखातील पाच जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत झाला, आणि नगर जिल्ह्याचा त्यात समावेश होता. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचे असे एकूण वीस कार्यक्रम प्रसारित झाले. प्रत्येक गावी सुमारे वीस जणांचे मंडळ एकत्र बसून कार्यक्रम ऐके, त्यावर चर्चा करी आणि आपल्या शंका पुण्याला कळवी. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून दिली जात. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. ती पॉल न्यूरथ या समाजशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली झाली.

पाहणीची रचना आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मंडळे असलेल्या गावांबरोबरच, जेथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते अशी गावे, आणि जेथे रेडिओही नव्हता अशी गावे तुलनेसाठी घेतली होती. मंडळांच्या गावांत शेती, आरोग्य इत्यादी विषयांच्या ज्ञानात स्पष्ट वाढ आढळली. मंडळ नसलेल्या गावांत ती फारच थोडी होती. म्हणजे तोच आवाज, तीच माहिती, परंतु ती ऐकल्यावर जेथे माणसे एकमेकांशी बोलली तेथेच ती रुजली. यंत्र निरुपयोगी ठरले असा याचा अर्थ नव्हे. यंत्राने दिलेल्या मजकुराला उत्तर देण्याची सोय जेथे होती तेथे यंत्रही उपयोगी पडले, असा तो अर्थ आहे. जिवंत नट विरुद्ध पडदा या वादाचे खरे मर्म येथे सापडते. समोर माणूस आहे की त्याचे चित्र आहे, यापेक्षा शिकणाऱ्याला मध्येच बोलता येते की नाही, हा भेद अधिक मूलगामी आहे.

५

कार्यशिक्षणाच्या दृष्टीने जिल्ह्यातील सर्वांत महत्त्वाचा प्रयोग जामखेडचा. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९६० च्या दशकात नेवासे तालुक्यातील वडाळा येथील मिशनच्या रुग्णालयात काही वर्षे काम केले. रुग्णालयात येणारे बहुतांश आजार टाळता येण्याजोगे आहेत आणि ते बरे होऊन गेलेला रोगी पुन्हा त्याच आजाराने परत येतो, हा त्यांचा तेथील अनुभव होता. १९७० मध्ये त्यांनी जामखेड या अवर्षणग्रस्त तालुक्यात सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

प्रारंभी खेड्यांत प्रशिक्षित परिचारिका ठेवण्याचा विचार होता. परंतु बाहेरून आलेली तरुण परिचारिका खेड्यात रुळत नसे, आणि गावातील स्त्रियाही तिच्या सांगण्याने आपल्या रीती बदलत नसत. तेव्हा गावातीलच स्त्री निवडून तिला आरोग्यसेविका करण्याचे ठरले. या स्त्रियांपैकी अनेक जणी निरक्षर होत्या व पुष्कळशा दलित समाजातील होत्या. त्या आठवड्यातून एकदा जामखेडला एकत्र येत, मुक्काम करीत, आणि आपापल्या गावचे अनुभव सांगून त्यांतून शिकत.

ज्यांना वाचता येत नाही त्यांना शिकवावयाचे म्हटल्यावर चित्रे आणि गाणी ही साधने सहज सुचतात. तीही तेथे होतीच. परंतु त्यांच्या जोडीला प्रसंग करून दाखविण्याची पद्धत तेथे विशेष वापरात आली. उदाहरणादाखल असा प्रसंग घ्यावा. गरोदर सुनेने पोटभर खाऊ नये, मूल मोठे झाले तर बाळंतपण अवघड जाते, अशी सासूची समजूत आहे. आरोग्यसेविकेला त्या घरी जाऊन सुनेला नीट जेवू घालावयास सांगावयाचे आहे. आहारासंबंधीची माहिती देण्यास पाच मिनिटे पुरतात. परंतु घरात शिरल्यावर पहिले वाक्य कोणते बोलावे, सासूचा मान राखून तिचे म्हणणे कसे फिरवावे, ती रागावली तर उठून जावे की बसून राहावे, आणि खालच्या मानल्या गेलेल्या जातीतील सेविकेला उंबऱ्याबाहेरच थांबविले तर काय करावे, हे कोणत्याही तक्त्यावर लिहिता येत नाही. एकीने सासू व्हावे, दुसरीने सून, तिसरीने सेविका. बाकीच्या जणींनी पाहावे, थांबवावे, 'असं म्हटलं तर ती ऐकणार नाही' असे सांगावे, आणि मग भूमिका बदलून पुन्हा करावे. सासूची भूमिका करणारी बहुधा स्वतःच सासू असे. तिच्या तोंडी येणारे आक्षेप लेखकाने रचलेले नसत. ते तिने स्वतः घेतलेले किंवा ऐकलेले असत.

कीर्तनात एक जण उभा राहत होता. जलशात प्रेक्षक त्याला छेडू शकत होता. श्रोतृमंडळात ऐकणारा प्रश्न विचारू लागला. जामखेडला शिकणारीच सोंग घेऊ लागली. चार टप्प्यांचा हा क्रम कोणी एकाने आखलेला नाही, आणि एकातून दुसरा थेट निघाला असेही सिद्ध करता येणार नाही. तथापि शिकणाऱ्याच्या हाती किती गेले, या एका मापाने मोजले असता त्यातील दिशा स्पष्ट दिसते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये लोकांच्या सहभागाने चालणाऱ्या आरोग्यसेवेवर जे पुस्तक प्रसिद्ध केले त्यात जामखेडचा वृत्तान्त समाविष्ट होता, आणि १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. प्रकल्पाच्या नोंदींनुसार कार्यक्षेत्रातील बालमृत्यूचे प्रमाण आरंभी दर हजारी १७६ होते. १९९० च्या दशकात ते तिसाच्या खाली आले. या घटीचे श्रेय भूमिकाभिनयाला देणे शास्त्रीय होणार नाही. पिण्याचे पाणी, लसीकरण, पोषण, महिला मंडळे व शेतकरी मंडळे यांचा त्यात वाटा आहे. इतके मात्र म्हणता येते की, ही सर्व कामे ज्या स्त्रीच्या तोंडून घरोघरी पोहोचली, तिला बोलण्याचे धैर्य ज्या पद्धतीने आले ती पद्धत गौण मानता येणार नाही.

६

नगरच्या या अनुभवाला वैद्यकशिक्षणाच्या इतिहासात एक समांतर घटना आहे. १९६३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात हॉवर्ड बॅरोज या मज्जाविकारतज्ज्ञाने एका निरोगी व्यक्तीला विशिष्ट रोगाची लक्षणे हुबेहूब दाखविण्यास शिकविले आणि विद्यार्थ्यांकडून तिची तपासणी करवून घेतली. तपासणीनंतर तिने प्रत्येक विद्यार्थी आपल्याशी कसा वागला हे सांगितले. आरंभी या कल्पनेची थट्टा झाली; वैद्यकासारख्या गंभीर विद्येत नटांचे काय काम, असा सूर होता. पुढे हीच पद्धत जगभर मान्य झाली. भारतात २०१९ पासून लागू झालेल्या वैद्यकीय पदवी अभ्यासक्रमात वृत्ती, नीती व संवाद यांचे शिक्षण अंतर्भूत केले गेले, आणि त्यात भूमिकाभिनयाला स्थान मिळाले.

बॅरोजचा नट व जामखेडची सोंग घेणारी स्त्री यांत एक फरक आहे. पहिला पढविलेला असतो, प्रत्येक विद्यार्थ्यासमोर तेच दुखणे त्याच रीतीने मांडतो, म्हणून परीक्षेला उपयोगी पडतो. दुसरी पढविलेली नसते, म्हणून अभ्यासाला उपयोगी पडते. जेथे तुलना करावयाची तेथे एकसारखेपणा हवा. जेथे तयारी करावयाची तेथे अनपेक्षित आले पाहिजे. चित्रफितीचा एकसारखेपणा या दोहोंहून निराळा. ती प्रत्येकाला तेच दाखविते, परंतु कोणाचेही काही पाहत नाही. दोन्ही नटांत समान गोष्ट ही की ते शिकणाऱ्याला परत काही सांगू शकतात.

७

आता आरंभीच्या हिशेबाकडे पुन्हा वळणे योग्य होईल. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 'आशा' स्वयंसेविकांची योजना आली. जामखेडसारख्या प्रकल्पांचा अनुभव तिच्या पाठीशी होता. काही गावांचे काम लाखो स्वयंसेविकांपर्यंत न्यावयाचे म्हटल्यावर प्रशिक्षणाचा खर्च हा खराखुरा प्रश्न होतो आणि त्याची टवाळी करून चालणार नाही. २०२० च्या महामारीत तर एकत्र बसणेच अशक्य झाले. तेव्हा दूरध्वनीच्या पडद्यावरील चित्रफितींनी जे काम केले ते दुसऱ्या कशाने झाले नसते. संकटकाळी घेतलेली सोय पुढे रीत होऊन बसते, ही मात्र प्रशासनाच्या इतिहासातील नेहमीची गोष्ट आहे.

म्हणून निवड करताना साधनाची आधुनिकता किंवा परंपरा हा निकष न धरता कामाचे स्वरूप पाहावे. लस कोणत्या तापमानात ठेवावी, हात कसे धुवावेत, यंत्राचा कोणता भाग आधी सोडवावा, ही कामे वस्तूंशी आहेत. वस्तू उलट बोलत नाही. तेथे चांगली फीत पुरेशी आहे, किंबहुना सामान्य नटापेक्षा ती श्रेष्ठ आहे. परंतु ज्या कामात समोर माणूस आहे आणि तो नकार देऊ शकतो, घाबरलेला असू शकतो, खोटे बोलू शकतो किंवा दार लावून घेऊ शकतो, त्या कामाची तयारी उलट न बोलणाऱ्या साधनाने होणार नाही. अशा सेविकेला फीत दाखवून गावात धाडले, तर तिला मिळणारा पहिला नकार हाच तिचा पहिला धडा ठरतो. आणि त्या धड्याची किंमत ती एकटी देत नाही, त्या घरातील गरोदर स्त्रीही देते.

यासाठी भाड्याने नटमंडळी आणण्याची गरज बहुधा पडत नाही, हेही या जिल्ह्याच्या अनुभवावरून दिसते. दहा-बारा सेविका, एक जाणती प्रशिक्षिका, एक मोकळी खोली आणि प्रत्येक आठवड्याचा अर्धा दिवस, इतके साहित्य जामखेडच्या पद्धतीला लागते. अंदाजपत्रकात यांपैकी अर्धा दिवसच सर्वांत महाग ठरतो, कारण त्याचा हिशेब फितींच्या संख्येत मांडता येत नाही. जिल्हा परिषदांच्या व प्रशिक्षण संस्थांच्या दप्तरात या अर्ध्या दिवसाची नोंद कोठे व कोणत्या नावाखाली केली जाते आणि ती केव्हा गाळली गेली, याचा शोध घेणे हे संशोधक विद्यार्थ्यांसाठी उपयुक्त काम ठरेल.